यादीत नसलेलं शिंगरू

ती घोडी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी बंगलोरच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका बड्या घोडेमालकाने फिर्याद दिली. विलायतेहून मागवलेली त्याची गाभण घोडी मद्रास बंदरात उतरून रेल्वेने इथं पोचली, तेव्हा तिच्या पोटात शिंगरू नव्हतं. माल सोडवणारा दलाल सांगत होता, "उतरताना घोडी गाभण होती." म्हणजे वाटेत तिला सांभाळून आणणाऱ्या मोतद्दाराच्या हयगयीने गर्भ पडून ती गाभडली आणि त्याने ते लपवलं, असा मालकाचा आरोप.

मोतद्दार आमच्या कोठडीत होता. कितीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच. "बंदराच्या दरवाजावर माझ्या ताब्यात दिली, तेव्हाच ती मोकळी झालेली होती, साहेब."

त्याची बायको डबा घेऊन येई. बेळगावकडची. मी मराठी बोलतो हे कळल्यावर म्हणाली, "अण्णा, जनावर उपाशी असलं तर ह्यांना घास जात नाही. स्वल्प चौकशी तरी करा."

मी सरकारी पशुवैद्याला तबेल्यात नेलं. घोडीच्या सडांतून दूध ठिबकत होतं.

"ही गाभडलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "दिवस भरून व्यालीय."

मग शिंगरू कुठं?

वरिष्ठ वैतागले. जहाज बंदराला लागण्याआधीच त्यावरच्या मालाची यादी कस्टम्सला गेली होती. त्या यादीत एकच घोडी होती. "जे कागदावर नाही, ते शोधणार कुठं?"

"साहेब, यादी आधी गेली. घोडी त्यानंतर जहाजावर व्याली असेल तर?"

त्यांनी नाखुशीनेच तपास चालू ठेवू दिला. दोनच दिवसांत आमच्या जमादाराने खबर आणली. शहराबाहेर हेब्बाळच्या तळ्यापलीकडे एका मळ्यात आईविना शिंगरू आहे, त्याला शेळीचं दूध पाजतात. मळा निघाला दलालाच्या मेहुण्याचा.

दलालाला मी तिथंच बोलावलं.

"गावठी घोडीचं आहे," तो म्हणाला.

"त्याची आई दाखवा."

"मेली."

मी घोडी आणवली. फाटकातच ती खिंकाळली. शिंगरू धडपडत आलं आणि थेट तिच्या सडांना लागलं. ती त्याला चाटत राहिली.

जबाबात दलालाने सगळं सांगितलं. यादीत नसलेला माल म्हणून दंड होईल या भीतीने त्याने एका खलाशाला पैसे देऊन गप्प केलं आणि शिंगरू गवताच्या लॉरीतून बंदराबाहेर काढून मेहुण्याच्या मळ्यात पाठवलं.

"यादीच्या दुरुस्तीचा अर्ज का दिला नाहीत?"

"देणार होतो. मग वाटलं, कागदावर नाही, म्हणजे विचारणार कोण?"

मोतद्दार सुटला, तेव्हा मालक ठाण्यात आला होता. म्हणाला, "उद्यापासून कामावर ये." मोतद्दाराने त्याला नमस्कार केला आणि तो बायकोबरोबर चालू लागला. तो पुन्हा त्या तबेल्यात गेला नाही.

कागद लिहिला त्या घटकेपुरताच खरा असतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे प्रत्येक तपासात मी आधी विचारलं, हे लिहिल्यानंतर काय घडलं? चोरीचा माल मी अनेकांना परत मिळवून दिला. त्या माणसाचा मालकावरचा विश्वास मात्र कुठल्याही पंचनाम्याने परत देता आला नाही.