तुटण्यासाठी घातलेली शिवण

"गाडीचं नाव नका सांगू. पैसे कायचे देले ते सांगा."

दुकानासमोर नवी गाडी थांबली, मालक छाती काढून खाली उतरला, की आपाचं हे पहिलं वाक्य. मालकाला गाडीचं नाव सांगायचं असे, रंग सांगायचा असे, साडूच्या गाडीपेक्षा ती कशी मोठी हेही सांगायचं असे. आपा कानामागचा खडू काढी, गळ्यातली टेप सोडवी आणि पुन्हा तेच विचारी.

अमरावतीत राजापेठेच्या गर्दीत, एका ट्यूशन क्लासच्या खाली तिचं सीटकव्हरचं दुकान होतं. बेतायचं आणि शिवायचं काम तिचं, बसवायचं तिच्या नवऱ्याचं. तो दिवसभरात दहा शब्द बोलत असेल, त्यातले निम्मे 'हो जी' असत. आपाचे वडील अकोल्यात टांग्यांच्या गाद्या भरायचे. "घोडा गेला, गादी राह्यली," असं ती म्हणायची.

तुम्ही दोघे नातवंडं तिकडे परदेशात रोज गाडीत बसता, पण ती विकतात कशी हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एकाच नावाची गाडी चार-पाच पायऱ्यांवर विकायला असते. खालच्या पायरीवर मागच्या काचा हाताने फिरवायच्या. मधल्या पायरीवर त्यांना बटणं येतात. सर्वांत वर गेलात की मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा आणि छताला उघडणारी काच. शिवाय एखाद्या पायरीला 'ऑप्शन पॅक' जोडून मिळतो. त्यात दोन-चार वस्तू वाढतात, पण बाहेरून गाडी होती तशीच दिसते. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी माहितीपत्रक तीनदा वाचलं, वहीत रकाने पाडून तक्ता केला, आणि तरीही माझा गोंधळ झाला. तो तक्ता घेऊन मी आपाकडे गेले. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने मला दुकानासमोरच्या एका गाडीत बसवलं आणि स्टिअरिंगजवळच्या बंद चौकोनांवर बोट ठेवलं.

"हे मुके बटन मोजा, म्याडम. जितके मुके, तितकी गाडी खालच्या पायरीची. कंपनीनं जागा सगळ्याइले देली, वस्तू एखाद्यालेच."

माझा तक्ता मी तिथेच मिटला.

बाळापूरचे एक गृहस्थ भाच्याच्या लग्नासाठी सर्वांत खालच्या पायरीची गाडी घेऊन आले होते. मागे मात्र वरच्या पायरीची अक्षरं आणून चिकटवलेली. म्हणाले, "आपा, आतूनबी टॉप करून द्या. पाव्हणे पाहतच राह्यले पाहिजेत."

"मामा, मी सीटले शेरवानी घालून देते. पन नवरदेव तोच राहीन, बरं का!"

मामा इतके हसले की जाताना दोन उशा जास्तीच्या घेऊन गेले.

तिच्या मशीनजवळ दोन रिळं असत, एक जाड नायलॉनचं, एक साध्या सुताचं. काही गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीत, दाराच्या बाजूला एअरबॅग असते. धडक बसली की ती पिशवी क्षणात फुगून माणसाच्या आणि दाराच्या मध्ये येते. वरून पक्कं कव्हर शिवलं तर ती आतल्या आत कोंडते. म्हणून त्या जागी आपा सुताची कच्ची शिवण घाली.

"सारी जिनगी पक्की शिवन घालाले शिकली," ती म्हणे, "अन् आता ही एक अशी, का तुटलीच पाहिजे. नाही तुटली त मानूस जाते."

आमची गाडी आली ती त्या एअरबॅगसाठीच. तेव्हा त्या सगळ्या गाड्यांना मिळत नसत. तुमच्या बाबाने फोनवर अट घातली होती, "बाजूच्या एअरबॅग नसतील तर गाडीच घेऊ नका." आजोबांचा जीव छताच्या काचेत अडकला होता. ती सोडून आम्ही मधल्या पायरीची, ऑप्शन पॅकमध्ये त्या एअरबॅग येणारी पांढरी गाडी घेतली आणि शोरूममधून थेट राजापेठेत आलो.

"पैसे कायचे देले?"

"बाजूच्या एअरबॅगचे," मी म्हटलं.

आपाने सीटच्या कुशीवरून हात फिरवला. पलीकडे जाऊन दुसऱ्या सीटवरून फिरवला. एअरबॅग असली की तिथे कापडाची एक छोटी चिठ्ठी शिवलेली असते, ती नव्हती. तिने तळव्याने फोम दाबून पाहिला आणि चष्मा काढला.

"म्याडम, आत काही नाही."

तिचा नवरा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "शोरूम का काम है."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. त्यांच्या दुकानातलं निम्मं काम त्याच शोरूममधून येत होतं. गाडी विकली की मॅनेजर गिऱ्हाइकाला इकडेच पाठवायचा.

आपाने नवऱ्याकडे पाहिलं. "मंग मी काय करू? पक्का धागा लावला त म्याडमचे पैसे बुडाले. कच्चा लावला त मी झूट शिवलं. सांगा, कोनता लावू?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "चल."

शोरूमचा मॅनेजर तिशीचा, टाय लावलेला. त्याने आधी आम्हाला थंड पाणी दिलं. "आजकाल चिठ्ठी येत नाही, मॅडम. बिलावर ऑप्शन पॅक लिहिलंय ना? मग आहे." मग आपाकडे वळून म्हणाला, "आपा, गाडी आम्ही विकतो, तुम्ही कव्हर शिवा. उद्यापासून काम पाठवायचं आहे की नाही?"

आपाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ती माघार घेईल, आणि घेतली तर तिला कोण दोष देणार?

"साहेब," ती म्हणाली, "सीट उघडते. पिशवी निघाली त नवं सीट माह्या खर्चानं, अन् तुमचं कामबी बंद. नाही निघाली त?"

मॅनेजरने बिलाचा कागद पुन्हा उलटून पाहिला. गाडी आमची होती, म्हणून परवानगी मी दिली.

"आधी बॅटरीची तार सोडा. अन् दहा मिन्टं कोनी हात लावू नका. असंन त फुटन."

ती दहा मिनिटं आम्ही सगळे त्या पांढऱ्या गाडीभोवती उभे होतो. चहा आला, कुणी घेतला नाही. आजोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अन् असली तं?" नवं सीट म्हणजे तिच्या दुकानाची कित्येक महिन्यांची मिळकत, हे मला ठाऊक होतं. आपा डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते.

मग तिने सीटच्या मागची खालची पट्टी उकलली आणि मूळ कव्हर लेकराच्या अंगातून झबलं काढावं तसं हलकेच वर सरकवलं. फोम बाजूला केला. आत लोखंडी सांगाडा होता, आणि त्यावर एअरबॅग बसवायची जागा. जागा होती, नटांची भोकं होती. भोकं रिकामी होती.

तिने त्यातल्या एका भोकात करंगळी घातली आणि मॅनेजरला दाखवली.

शोरूममधली सगळी पोरं जमली होती. मॅनेजरने टाय सैल केला. शेवटी विचारलं, "हे परत बसवायला किती वेळ लागेल?"

"पाच मिन्टं. गाडी बदलाले तुमाले किती लागन?"

आजोबांनी टाळीच वाजवली!

चेसिसचा नंबर तपासला तेव्हा घोटाळा कळला. एकाच दिवशी दोन सारख्या पांढऱ्या गाड्या निघाल्या होत्या आणि यार्डात त्यांची अदलाबदल झाली होती. आमची एअरबॅग अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली होती. आम्हाला दुसरी गाडी देण्याचं कबूल झालं. मला वाटलं, संपलं.

आपा मात्र खुर्चीवरून उठेना. "त्या मानसाले मालूम नाही, का त्याच्या सीटमंदी पिशवी हाये. त्यानं कोनाकडून पक्कं कव्हर शिवून घेतलं असंन त?"

मॅनेजरने फोन लावला. गाडी परत मागताहेत असं समजून त्या माणसाने फोनच बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शोरूमच्याच गाडीने अकोल्याला गेलो. आम्हाला पाहताच तो फाटकाला कडी घालून आतून ओरडला, "घरात आलेली गाडी जात नसते, सांगून ठेवतो!"

"गाडी नको, भाऊ," आपा फाटकाबाहेरून म्हणाली. "तुमच्या सीटची शिवन फाडाची हाये फक्त."

हे ऐकून तो आणखीच घाबरला. शेवटी त्याच्या बायकोने कडी काढली. गाडीवर झुळझुळीत नवं कव्हर होतं, नायलॉनची दुहेरी शिवण. आपाने दोन्ही बाजू ब्लेडने उकलल्या आणि ओसरीवर बसून हातानेच कच्ची शिवण घातली. आत काय आहे, हे ऐकून त्या माणसाने जाऊन फाटक सताड उघडलं. पैसे न भरता मिळालेली वस्तू शोरूमने त्याच्याकडेच राहू दिली. बायको म्हणाली, "मी रोज इथंच बसते जी, पुढं." आणि तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढचे दोन महिने शोरूममधून एकही गाडी राजापेठेत आली नाही. आपा उशांच्या खोळी शिवत बसे. विचारलं तर म्हणे, "गाडी नाही त उशी. बसनाऱ्याले काय फरक?" पण अकोल्याच्या त्या माणसाने ही गोष्ट अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पसरवली होती. लोक गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच आपाला रिक्षात घालून शोरूमला नेऊ लागले. शेवटी तो मॅनेजर स्वतः राजापेठेत आला, स्टुलावर बसला. "आपा, गाडी द्यायच्या आधी तुम्हीच एकदा पाहून देत जा."

"पाहीन. पन बिल अन् गाडी, दोनी समोरासमोर ठेवा लागन."

"हो जी," मशीनमागून तिचा नवरा म्हणाला.

राजापेठेच्या त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. आपाने अकोल्यात हमरस्त्यावर मोठी जागा घेतली. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी आम्ही तिकडे गेलो, तेव्हा वाटेत एका शोरूमच्या उघड्या दाराशी मी थबकले. नवी गाडी, भोवती ठेवणीतल्या साड्या, हार, पेढ्यांचा डबा. गाडीचं दार उघडं होतं, आणि बाहेर आपाच्या फक्त टाचा दिसत होत्या. दारापाशी टाय लावलेला एक मुलगा बिल उघडून धरून उभा होता. घरातल्या म्हाताऱ्या आईने चाकासमोर फोडायला नारळ उचलला, तशी सुनेने तिचं मनगट धरलं.

"थांबा आई. आपाचं व्हाचं हाये अजून."

नारळ न फुटता खाली आला.