गफूरभाईंनी अंगावर घेतलेली चूक

गफूरभाई गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्यातली दुपारची गर्दी ओसरत आली होती. पाठ दुखते म्हणून आलेला एक जीपवाला सदरा खाली ओढत म्हणाला, "गफूरमिस्त्री वारले की, बाई. तुमाला न्हाई कळलं?" नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात, श्वास घेता घेता... आणि लगेच, अगदी सहज, तो पुढं म्हणाला, "हाताचा लई हुशार मानूस. पर त्या लेकराचं पाप तेवढं लागलं त्याला." मी त्याच्या गोळ्या लिहीत होते. पेन थांबलं, पण तोंड उघडलं नाही. नऊ वर्षं ते तसंच मिटलेलं होतं. आता दीड महिना झाला. आज जे लिहिते आहे ते मी त्या जीपवाल्याला तिथंच सांगायला हवं होतं.

मी आखाडा बाळापूरला दवाखाना टाकला तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता; आम्ही परभणीतच मोडत होतो. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. खेड्यावरून बोलावणं आलं की कुणाची तरी जीप मिळेपर्यंत मी पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहायची. ते बघवेना म्हणून वडिलांनी हैदराबादच्या एका निवृत्त साहेबांची जुनी परदेशी गाडी घेऊन दिली. गाडी ऑटोमॅटिक होती, तिला क्लच नव्हता. एका पायानं चालवता यायची. तशी दुसरी गाडी आसपास कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळं ती पहिल्यांदा बिघडली तेव्हा तीन मिस्त्र्यांनी नुसतं बॉनेट उघडून पाहिलं आणि परत लावलं.

चौथे गफूरभाई. रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं, आणि जन्म ट्रॅक्टर-जीपखाली गेलेला. माणूस एवढा उंच की गाडीखाली शिरताना घडी घातल्यासारखा दुमडायचा. त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट माझ्यापुढं धरलं. "बघा बाई. हे तेल लाल पायजे. हे करपून राहिलं." आमच्या रस्त्यांवर ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढं जातच नव्हती. खड्डे, ऊन, मागं दोन-चार माणसं बसलेली. गिअरबॉक्स तापायचा, तेल जळायचं आणि गाडी सपाट रस्त्यावरसुद्धा ओढेनाशी व्हायची. एप्रिल-मेमध्ये मी दोनदा रस्त्यात अडकले होते.

"ह्याला इलाज?" मी विचारलं.

"तेल ज्यात साठतंय तो खालचा पॅन उथळ हाय. मोठ्या पातेल्यातलं पानी लवकर उकळतंय का? न्हाई ना. तसंच हाय हे. खोल पॅन बसवला की तेल जास्त मावंल, ताप कमी धरंल."

असा पॅन मूळ कंपनीचा मिळत नसे. दुसरे कुणी बनवत आणि तो परदेशातून यायचा. गफूरभाई हैदराबादच्या सुट्या भागांच्या बाजारात दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी पोत्यात गुंडाळून आणला तो ॲल्युमिनियमचा पॅन, जुन्यापेक्षा चांगला तीन बोटं खोल, बुडाला हवा लागावी म्हणून उभ्या पट्ट्या. तो बसवला त्या दिवशी मी सकाळपासून शेडमध्ये होते. गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून त्यांनी जुना पॅन उतरवला, करपलेलं तेल डब्यात सोडलं. तेल शोषणारी जाळी नव्या बुडापर्यंत पोचेना, म्हणून तिला नळीचा तुकडा जोडून ती खाली आणली. मग पॅकिंग ठेवून एकेक बोल्ट. एक इकडचा, की लगेच समोरचा. मी म्हटलं, सरळ ओळीनं आवळले तर लवकर होईल. ते खालूनच म्हणाले, "टाके घालताना तुमी घाई करता का?" शेवटी त्यांनी लाल तेल भरलं, गाडी चालू ठेवून पट्टीवर पातळी पाहिली, आणि हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"एक ध्यानात ठेवा. जुना पत्र्याचा होता, दगड लागला तर दबायचा. हा ओतीव हाय. हा फुटतो. खाली लोखंडी गार्ड करून देतो, सोमवारी या. गार्ड बसेपर्यंत ओढ्याच्या वाटेनं जाऊ नका."

मी हो म्हटलं. गाडी अशी चालायला लागली की मला पंख फुटल्यासारखं झालं. सोमवारी गेले नाही. पुढच्या सोमवारीही नाही. ताप-जुलाबाचे दिवस होते, दवाखाना हलू देत नव्हता. त्यांनी दोनदा निरोप पाठवला की गार्ड तयार आहे. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला तो मी जाता-येता पाहायची.

तिसऱ्या आठवड्यात कुरुंद्याकडच्या एका वाडीवरून सकाळीच माणूस आला. बायको पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. मी गेले, तपासलं, आणि नांदेडला न्यायचं ठरवलं. डांबरी रस्ता फेऱ्याचा होता. ओढ्यातली वाट धरली तर अर्धा तास वाचणार होता. मला गफूरभाईंचे शब्द आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. आठवले. मागच्या सीटवर ती बाई दात आवळून माझं नाव घेत होती... मी गाडी ओढ्याकडं वळवली.

पाण्यातल्या दगडावर खालून 'ठण्ण' झालं. गाडी वर चढली, मैलभर चालली, आणि मग नुसतं इंजिन ओरडायला लागलं. चाकं जागची हलेनात. मी उतरून मागं पाहिलं. आम्ही आलो त्या धुळीत लाल तेलाची रेघ पडली होती. दुसरं वाहन यायला दीड तास लागला. आई वाचली, लेकरू वाचलं नाही. अर्धा तास वाचवायला निघालेली मी, दीड तास घालवून बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून शेडमध्ये आणली. त्या बाईचा दीर आणि गावातली चार माणसं तिथं आली. गफूरभाई खड्ड्यातून वर आले. त्यांनी पॅनची चीर पाहिली होती, दगडाचा घाव पाहिला होता. गार्ड भिंतीशी उभा होता तो त्यांनी कधी उचलून आत नेला होता कुणास ठाऊक. भिंत रिकामी होती.

"माझी चूक हाय," ते म्हणाले. "गार्ड तयार न्हवता अन् मी तशीच गाडी सोडली. बाईंला काई बोलू नका. त्यांला काय म्हाईत त्यातलं?"

मी गाडीला धरून उभी होते. "लंगडी बाई गाडी चालवते" असं लोक आधीच म्हणायचे. खरं बोलले तर यापुढं कुठली वाडी मला बोलावेल, हा विचार माझ्या मनात आला, आणि मी गप्प राहिले.

जीपवाले हळूहळू दुसऱ्या मिस्त्र्याकडं जायला लागले. गफूरभाईंनी माझ्या गाडीला जुना पॅन बसवला, त्याखाली गार्डही बसवला, आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. ती गाडी गेली, दुसरी आली, ते तीही बघत राहिले. शेवटचे भेटले ते माझ्याच दवाखान्यात. धाप लागली होती, ओठ काळसर. मी नांदेडची चिठ्ठी लिहून दिली. ते चिठ्ठी हातात घेऊन बसूनच राहिले.

"आनखी काई, बाई?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर गोळ्या घ्या," मी म्हटलं.

ते वारल्याचं कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको शमीमभाभी घरापुढच्या शेडमध्येच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, सोमवारपासून. त्यांनी डोळे पुसले नाहीत की मला अडवलं नाही.

"त्यांला ठाऊक होतं, मला बी ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "लोकांपुढं तुमी बोलावं असं त्यांला कधीच वाटलं न्हाई. पर एकदा त्यांच्यापाशी तरी बोलाल असं वाटायचं. तुमची गाडी आली की मला म्हनायचे, चहा ठेव, आज बोलतील बाई..." मग म्हणाल्या, "आता मला सांगून काय करू मी?"

मग मी त्या वाडीवर गेले. त्या बाईचा नवरा शेळ्या बांधत होता. त्यानं सगळं ऐकलं, दाव्याची गाठ मारली आणि म्हणाला, "मिस्त्रीला लई बोललो आमी." मला तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

भाभी अजून रोज सकाळी शेड उघडतात, झाडतात. परवा मी तिथं गाडी थांबवली आणि उतरलेच नाही. पूर्वी गाडीचा आवाज आला की गफूरभाई बाहेर यायचे, बॉनेटवर दोन थापा मारायचे, मग मी इंजिन बंद करून उतरायची. मी इंजिन चालू ठेवून बराच वेळ बसून राहिले. शेवटी भाभी बाहेर आल्या, पण गाडीला हात न लावता नुसत्या दारात उभ्या राहिल्या.