कॉम्प्रेसरच्या भिंतीलगतचा बाक

ठिणगीबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, आणि नाकही चांगलं लांब होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्या गणित शिकवत. नाव मुलांनी पाठीमागे ठेवलेलं, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरी भाऊ आणि वहिनी. वहिनी म्हणायची, वन्सं, तुम्ही कॉलेजातच भांडून येत जा, म्हणजे घरात शांतता राहते. बाई ते हसण्यावारी नेत आणि कॉलेजात खरंच भांडून येत. कधी तुटक्या फळ्यावरून, कधी बंद पंख्यावरून. आवाज असा खणखणीत, की व्हरांड्यात डुलक्या घेणाऱ्या शिपायालाही एखादं सूत्र पाठ व्हावं.

विभागप्रमुख सर अगदी उलट. ते यंत्रशास्त्र शिकवत, हळू आणि गोड बोलत. मोठ्यानं बोलणं त्यांना गावंढळ वाटे. त्यांनी वर्गाला एक शिस्त लावली होती आणि तिचा त्यांना कोण अभिमान. त्यांच्या विषयाच्या प्रत्येक चाचणीनंतर मार्कांप्रमाणे जागा बदलायच्या. हुशार पुढे, कच्चे मागे. चढाओढ लागली की पोरं आपोआप शिकतात, असं ते सांगत. वर्ग होता बोगद्यासारखा लांबलचक. शेवटच्या बाकामागे भिंत, आणि भिंतीपलीकडे वर्कशॉपचा कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की बाक हाताखाली थरथरे.

त्या बाकावर एका बस ड्रायव्हरची मुलगी बसायची. वर्षाच्या सुरुवातीला ती मधल्या रांगेत होती. पहिल्या चाचणीच्या वेळी तापानं फणफणली, पेपर अर्धा सोडून उठली आणि थेट मागे गेली. तिथून काही ती पुढे सरकली नाही. सरांच्या प्रश्नांना उत्तर देत नाही म्हणून पोरं तिला मुकी म्हणू लागली.

वर्ष संपता संपता विभागाची बैठक झाली. यंत्रशास्त्रात ती फेरपरीक्षेतही नापास झाली होती आणि महिनाअखेर तिचं नाव कमी होणार होतं. मुलं का शिकत नाहीत यावर मग सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. कोणी मोबाईलवर खापर फोडलं, कोणी घरच्या वातावरणावर, कोणी शाळेतल्या कच्च्या पायावर. चहा आला, बिस्किटं आली, पोरं ढ आहेत यावर एकमत झालं. बाई इतका वेळ गप्प होत्या, हेच नवल. मग त्यांनी विचारलं, की हीच मुलगी माझ्या गणितात चांगल्या मार्कांनी पास होते, त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून, ते कसं काय? सर गोड हसले आणि म्हणाले, गणिताचा पेपर जरा सोपा निघत असेल. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं बिस्किट बशीत आदळून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाला बाई शेवटच्या बाकावर त्या मुलीशेजारी जाऊन बसल्या. मॅडम आपलं शिकवणं ऐकायला आल्या, अशी सरांची समजूत झाली. ते आणखीच गोड झाले. तेवढ्यात भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर घरघरला. सरांचे ओठ हलत राहिले. पुढची पोरं हसली, म्हणजे काहीतरी विनोद झाला असावा. फळ्यावर आकृती होती, बाण होते, पण कुठला बाण कशासाठी, हे ओठांतून निघून पहिल्या चार रांगांत संपत होतं. बाईंनी शेजारी पाहिलं. मुलगी सरांच्या तोंडाकडे डोळे ताणून बघत होती, बहिरं माणूस बघतं तशी.

तास संपल्यावर बाईंनी तिला फैलावर घेतलं, की हे आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं होतं. सर म्हणाले, लक्ष दिलं की ऐकू येतं.

बाई तशाच सरांकडे गेल्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नापासांना सबबी लागतातच, आणि वर्कशॉप काही माझ्या हातात नाही. बाई परतल्या त्या दात-ओठ खात. घरी त्यांनी भावावर ओरडून घेतलं, वहिनीवर ओरडून घेतलं, आणि वहिनीनं ताट पुढे ठेवल्यावर दोघांची माफी मागितली. तोवर मनाशी बेत शिजला होता.

सकाळी गणिताच्या तासाला त्यांनी अख्खा वर्ग उलटा केला. शेवटचे पुढे आणि पहिले मागे, भिंतीलगत. मग फळ्यापाशी उभं राहून, जन्मात कधी बोलल्या नव्हत्या इतक्या हळू, गोड आवाजात शिकवायला सुरुवात केली. घसा दुखून आला, पण आवाज म्हणून वाढवला नाही. मागून हुशार पोरं कुरकुरली. मॅडम, काही कळत नाहीये. बाई म्हणाल्या, लक्ष दिलं की ऐकू येतं. आठवडाभर हेच चाललं. हुशार पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी फोन केले, एक वडील तर गाडी घेऊनच आले. आणि काय सांगावं, दोन दिवसांत कॉम्प्रेसर उखडून मागच्या मोकळ्या जागेत गेला. सरांनी फलकावर सूचनाही लावली, की मुलांची अडचण लक्षात येताच विभागानं तातडीनं उपाय केला.

ती सूचना वाचून बाई आत येऊ का विचारायलाही न थांबता सरांच्या खोलीत शिरल्या. म्हणाल्या, त्या मुलीची परीक्षा पुन्हा घ्या.

सर म्हणाले, "मॅडम, ऐकू येत नव्हतं तर तिनं नीट सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. शेवटच्या बाकावरून सांगितलं, म्हणून तुम्हाला सबब वाटली. पहिल्या बाकावरून तेच आलं, तर मशीन हललं. आता एक तर परीक्षा घ्या, नाहीतर मशीन का हलवलं ते प्राचार्यांना माझ्यासमोर सांगा."

सर बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, पुढच्या आठवड्यात घेतो. जागांचं काय, असं बाईंनी विचारलं. ते बघू, असं ते पुटपुटले. बाईंनी बजावलं, की तुम्ही बघा, पण माझ्या वर्गात आता जो तो हवा तिथे बसेल.

हॉस्टेलवर मुलगी बॅगेला दोरी बांधत होती. बाईंनी बातमी सांगितली. वाटलं होतं, ती उड्या मारेल. ती दोरी हातात तशीच धरून बॅगेवर बसली.

"मॅडम, वर्षभर मला वाटत होतं, मीच ढ आहे. घरीसुद्धा तसंच सांगून टाकलंय."

बाईंच्या ओठांवर सरांसाठी शिव्यांची माळ होती. ती आता कोणाच्या गळ्यात घालणार? पोरीचं वर्ष असं कुरतडलं गेलं होतं आणि कोणालाही त्याची साधी लाजसुद्धा वाटली नव्हती. बाईंच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. वडिलांना फोन लाव, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"तुमची मुलगी ढ नाही. तिला ऐकूच येत नव्हतं, कारण आम्ही तिला तशा जागी बसवलं होतं."

पलीकडून वडील म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्यानं बोला. डेपोत आहे, गाड्यांचा आवाज फार आहे."

बाईंनी घसा साफ केला. मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं, असं, की हॉस्टेलच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली.