ह्यांचा पारोळ्याचा रविवार

हे गेल्याची बातमी माझ्या आधी अक्कांना कळली. ऑफिसात खुर्चीतच कोसळले, कुणीतरी ह्यांचा फोन उचलून शेवटचा नंबर लावला, आणि तो निघाला पारोळ्याच्या अक्कांचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या चुलत बहिणीचा. मी धुळ्यातच, ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर, वरणाला फोडणी देत होते. नवरा माझा, आणि निरोप यावा पारोळ्याहून… दीड महिना झाला, तरी ही गोष्ट पचत नाही.

हे वीज खात्यात होते. जळगावकडे होते तेव्हा केळीवाल्यांचे फोन, धुळ्याला बदली झाल्यावर कापूसवाल्यांचे. कुठे डीपी, म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली, मोटारी बंद, 'साहेब, पीक वाळी राहिनं' म्हणून ओरडा. वरचे साहेब झापायचे ते वेगळंच. हे कुणावर आवाज चढवत नसत, सगळं पोटात. शेवटी पोटानंच बंड केलं. आधी पित्त, मग मान आखडणं, झोपेत दात खाणं, आणि रक्तदाब. डॉक्टरांनी समजावलं, की फोन वाजला की शरीर धोका समजून सज्ज होतं, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. धोका टळल्यावर ते निवायला हवं, तुमचं वर्षानुवर्षं निवतच नाही. गोळी चुकवू नका, चाला, वेळेवर झोपा आणि मनातलं कुणाशी तरी बोला. मी खुर्ची पुढे सरकवली. ते 'कुणी तरी' मीच ना, दुसरं कोण असणार?

पण पुढच्याच रविवारी ह्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि पारोळ्याची बस धरली. मग दर रविवारी तेच. अक्का भुईमुगाचं पेरणीचं बी घरचंच ठेवतात, यंत्रात दाणा दुखावतो म्हणून शेंगा हातानं फोडतात. एकदा मीही सोबत गेले. ओट्यावर दोघं शेजारी, मध्ये सूप, नजर शेंगांवर, आणि हे अहिराणीत बोलताहेत, बोलताहेत… आवाज भरून आलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर गप्प. परतताना विचारलं, "एवढं काय बोलत होतात?"

"काही नाही, शेंगा फोडल्या."

रक्तदाब उतरला, डॉक्टर खूश. मी मात्र धुमसत होते. नवरा बरा होतोय याचा आनंद मानावा, तर दुसरीच्या ओट्यावर बरा होतोय याचा जळफळाट! बाजारातून मी शेंगांचं पोतंच आणलं, सूप मध्ये ठेवून शेजारी बसले. ह्यांनी चार शेंगा फोडल्या, बाकीच्या भाजायला सांगितल्या आणि ऑफिसातल्या शिपायाची नक्कल करून दाखवली. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण बोलले काही नाहीत.

एवढं करूनही हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, जुनी झीज होतीच, सांभाळलं म्हणून ही वर्षं तरी मिळाली. म्हणजे त्या वर्षांचं श्रेयही अक्कांनाच…

परवा पारोळ्याला गेले ती भांडायलाच. अक्का एकट्याच बसल्या होत्या. म्हटलं, "अक्का, माझ्याशी का नाही बोलले कधी?"

अक्कांनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तो सांगे, घरमा ती शे, तठे माले डीपी याद येस नही. मंग तठे ते कसाले लई जाऊ?"

माझ्याजवळ ह्यांना डीपी आठवतच नसे, म्हणून ती घरी आणायची नव्हती! ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण मला ती डीपीसुद्धा हवी होती, आणि तसं मी बोलून दाखवलं.

"आन् माले?" अक्का एकदम उसळल्या. "मनाजोडे ये, रडे, निंघी जाय. मनापुढे तो कधी हासना नही." मग पदरानं तोंड पुसत हळूच विचारलं, "घर कसा हासे वं तो?"

म्हणजे ह्यांचं नुसतं रडणंच वाट्याला आलं म्हणून इतके रविवार त्याही माझ्यावर जळत होत्या! मी उठले आणि ती शिपायाची नक्कल करून दाखवली, मान वाकडी करून, अगदी हे करायचे तशी. अक्का खुदकन हसल्या, मग रडल्या.

"आजून शे का?"

"एवढंच," मी म्हणाले.

खोटं बोलले. खूप आहे अजून. ते माझं आहे.