रेलिंगपलीकडचं पाणी

बाबा दुसऱ्यांदा अबू धाबीला आले ते गळ-दोरी, सगळं गरवायचं सामान घेऊनच. आई गेल्यापासून ते गुहागरला एकटेच राहतात. अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमत नाही, हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर ऑफिसात आणि नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणार. पण तेव्हा बिल्डिंगच्या मागे ओबडधोबड किनारा होता. दगड, वाळू, थोडी तिवरं. ऑफिसं सुटली की तिथं फिलिपिनो, बंगाली, केरळी माणसं गळ टाकून बसायची. नवऱ्यानं मोबाइलवर बाबांचं मासेमारीचं लायसन काढून दिलं आणि बाबाही त्यांच्यात जाऊन बसायला लागले. कधी रिकाम्या हातानं यायचे, कधी शेरी नावाचा मासा घेऊन. "आपल्या तांबोशीचा भाऊबंद," म्हणायचे आणि सिंकपाशी उभं राहून स्वतःच साफ करायचे.

ते परत गेल्यावर त्या किनाऱ्याला बांधकामाचे पत्रे लागले. काम संपलं की उघडेल, असं मी धरून चालले होते. उघडलाही. बाबा आले तोवर पत्रे निघाले होते आणि तिथं फरसबंदी रस्ता, खजुराची झाडं, बाक आणि पाण्याच्या कडेनं सलग स्टीलचं रेलिंग झालं होतं. छानच दिसत होतं सगळं. मासेमारीवर फुली मारलेली पाटीही होती, पण ती आम्हाला नंतर दिसली.

बाबांनी रेलिंगवरून दोरी सोडली तोच सिक्युरिटीवाला आला. तिशीतला असेल. "अंकल, इधर अलाउड नहीं है," म्हणाला. मी बाबांना मराठीत सांगायला लागले, तसा तो थबकला. दापोलीकडचा निघाला. मग तो बाबांशी मराठीतच बोलला, पण आवाज खाली आणून.

"काका, मीपण सुट्टीला इथंच गरवायचो. आता मलाच राखणीला उभं केलंय. वर कॅमेरा आहे. तुम्ही टाकलंत तर माझी नोकरी जाईल."

बाबा लगेच दोरी गुंडाळायला लागले. उलट त्यालाच म्हणाले, "तुला त्रास झाला रे."

त्या शनिवारी मी त्यांना गाडीत घालून निघाले. मागच्या खेपेच्या मंडळींपैकी कुणीतरी सांगितलेली एक जागा हॉटेलच्या हद्दीत गेली होती. दुसऱ्या ठिकाणी गेटवर तिथल्या रहिवाशांचं कार्ड मागितलं. तिसरीकडे गरवायला परवानगी होती, पण कठडा बाबांच्या छातीपर्यंत, बसायला काही नाही आणि डोक्यावर ऊन. त्यांच्या गुडघ्यांना तेवढं उभं राहणं झेपेना. तरी त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून थोडा वेळ गळ टाकला. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आजोबा, वी कॅन जस्ट बाय फिश, ना?" ती प्रेमानंच म्हणाली होती. बाबा हसले आणि म्हणाले, "चला घरी."

मी मॅनेजमेंटला मेल लिहिला. किनाऱ्याचा एक कोपरा तरी मोकळा ठेवा, माझ्यासारखे बरेच रहिवासी म्हणतील, वगैरे. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिला, तेव्हा अक्षरशः तेच उत्तर आलं. नवरा म्हणाला, "खलास, सोड आता. आपण भाड्यानं राहणारी माणसं." मला राग आला.

बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. ते सकाळी त्या फरसबंदीवर चक्कर मारत, बाकावर बसत, दापोलीवाला ड्यूटीवर असला तर त्याच्याशी गावाकडचं बोलत. वर आले की टीव्ही लावत, पण आवाज बंद. एका संध्याकाळी मी लवकर आले, तर ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. एजंटानं आम्हाला सी व्ह्यू म्हणून दाखवलेलं पाणी समोरच होतं. मी चहा दिला. त्यांनी तो निवू दिला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जावयाला परतीचं तिकीट अलीकडे घ्यायला सांगितलं. घराची कौलं शाकारायची आहेत, म्हणाले. कौलं माझ्या भावानं नुकतीच शाकारून घेतली होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी थांबा म्हणाले नाही. थांबून त्यांनी दिवसभर काय करावं, हे मला सांगता आलं नसतं.