स्क्याल्ब्रान्सनचं बारसं

परवा पुन्हा झोप लागेना. जूनमध्ये लेकीची, ऋतंभराची, शाळा सुरू होणार. नाव मीच हौसेनं ठेवलंय आणि आता मलाच धास्ती. मुलं चिडवतील का? शाळेत सरळ 'रिया' सांगून टाकावं का? मंदारला हलवून विचारलं, तर नवरा झोपेतच म्हणाला, "ऑफसाइड!"

त्याचंही बरोबर आहे म्हणा. दर रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये फुटबॉल बघणारं टोळकं जमतं. सोमवारी सोफ्याखाली झाडू घातला की शेंगांची टरफलं निघतात, तसे किस्सेही निघतात. या सीझनचे सगळे एकाच माणसाचे.

*

टोळक्याच्या लाडक्या टीमनं नवा खेळाडू घेतला. कुठल्याशा थंड देशातला, कुणी कधी न ऐकलेला. हाल्वदीर स्क्याल्ब्रान्सन! पडद्यावर नाव झळकलं आणि हॉलभर जिभा अडखळल्या.

मग बंट्या बोलला. बंट्या म्हणजे मंदारचा शाळेपासूनचा दोस्त, लासलगावला कांद्याचा व्यापारी. "लिलावात याचं नाव पुकारेपर्यंत कांद्याला कोंब फुटतील राव!"

सगळे खो खो हसले. टीव्हीला नाक लावून बसलेली ऋतंभरा तेवढी कॉमेंट्री पुटपुटत होती. मी पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

*

टोळक्यातले देवरे सर शाळेत शिकवतात. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "सर, वर्गात असं अवघड नाव आलं तर?"

"सोपं आहे वहिनी. हजेरी घेताना त्या पोराकडे नुसतं बघायचं. ते आपणच 'हजर' म्हणतं."

"आणि बाकीची मुलं?"

"ती काय, दोन दिवसांत टोपणनाव पाडतात!"

मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच "रिया, ए रिया" म्हणून बघितलं. शेजारच्यांच्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटलं.

*

एकदा हा गडी बॉल घेऊन सुसाट निघाला. सगळे उठून उभे! "स्क्या... स्क्याल..." तोवर बॉल लाइनबाहेर.

"याला चिअर करायचं म्हणजे एक्स्ट्रा टाइमच लागणार!" मंदार खाली बसत म्हणाला.

*

शेवटी सासूबाई वैतागल्या. मूळच्या सटाण्याच्या, बोलणं रोखठोक. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "नुसते हसता काय? पोराला हाक मारता येत नाय ना? मग बारसं करा त्याचं!"

टोळक्याला तेवढं पुरे होतं. पुढच्या रविवारी बाहुलीच्या पाळण्यात मंदारची जर्सी निजवली. सासूबाईंनी घुगऱ्या शिजवल्या. आता नाव ठेवायला आत्या पाहिजे. एवढ्या बाप्यांत आत्या कुठली?

"मी आत्या!" ऋतंभरा पुढे सरसावली.

"सोपं ठेव हं," बंट्यानं बजावलं. "पिंट्या, गोट्या, असलं कायतरी."

ती पाळण्यात वाकली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तिच्या पाठीत हलके हलके धपाटे घातले. ती बराच वेळ जर्सीच्या कॉलरशी कुजबुजली आणि उठली.

"काय ठेवलंस?"

"हाल्वदीर स्क्याल्ब्रान्सन." न अडखळता!

"अगं, ते तर त्याचं जुनंच!" बंट्या ओरडला. "तुला सोपं सांगितलं होतं ना?"

ऋतंभरानं घुगऱ्यांचा बकाणा भरला, सावकाश चावून संपवला आणि विचारलं, "बंट्याकाका, तुमच्या आत्यानं तुमच्या कानात 'बंट्या' सांगितलं होतं?"