सासूबाईंचा अबोला

अंगणवाडीत मी बरीच वर्षं सेविका होते. मुलं सतरंजीवर, मी स्टुलावर. मुख्यसेविकेच्या जागा निघाल्या तेव्हा वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते. पुढच्या वेळी बसणार नव्हते. आहार, लसीकरण, वजनमाप हे रोजचंच होतं, त्याची धास्ती नव्हती. परीक्षेत अडचण इंग्रजीची, आणि त्यातही ‘ए’ कुठे लावायचं आणि ‘ॲन’ कुठे, याची.

शिकवणी घरातच लागली. मुलगी बारावीला होती. ती म्हणाली, अक्षर बघू नको, शब्द मोठ्याने म्हण आणि पहिला आवाज ऐक. स्वर आला की ॲन, नाही तर ए. मग जेवताना हेच सुरू झालं. ॲन अंडं, ए भाकर, ॲन अंबाडीची भाजी. सासूबाई शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण त्यांना हा खेळ आवडला. फक्त आम्ही ॲन म्हटलं की त्या वाट बघत थांबायच्या. आमच्याकडे ‘अन’ म्हणजे आणि.

“अन काय? पुढं बोल ना,” असं त्या म्हणायच्या आणि मुलीला ठसका लागायचा.

एका रविवारी मुलीने माझा सराव पेपर तपासला. बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. स्कूल, स्टेशन, स्टूल, सगळ्यांआधी मी ॲन लावलेलं. तिने कारण लगेच सांगितलं. मी मनात इस्कूल म्हणते, कारण घरात सगळे इस्कूल, इस्टँडच म्हणतात. सासूबाई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबलेले मी पाहिले, पण फोडणी जळत होती म्हणून उठले.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चहा वेळेवर आणून द्यायच्या, मी वाचत असले की टीव्ही बंद करायच्या, पण हो-नाही सगळं मानेनेच. मला वाटलं, ऐन कापूस वेचणीत सून पुस्तक घेऊन बसते, घरचं सगळं त्यांच्यावर पडतं, ते खटकलं असेल. वाईट वाटलं. पण परीक्षा तोंडावर आली होती. समजूत नंतर काढू असं ठरवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांना माळ्यावरचा डबा काढायचा होता. त्या माझ्यासमोर आल्या आणि बोटाने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. आता मात्र मी पुस्तक मिटलं आणि माझं काय चुकलं ते सरळ विचारलं.

त्यांनी दाखवलेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाल्या, “तुह्यं काई नाई चुकलं व बाई. माह्या तोंडात ते इ बसून आहे. तुह्या कानात काऊन भरू? पेपर होऊ दे, मंग बोलतो.”

मुलीने आतून ओरडून सांगितलं की आजी रोज गोठ्यात गाईसमोर ‘स्टूल’ असं म्हणून पाहते. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“येतच नाई,” त्या म्हणाल्या.

मी काही लगेच डोळे पुसणारी बाई नाही. स्टूल आणलं, डबा काढून दिला आणि त्याच स्टुलावर त्यांना बसवलं. म्हटलं, “आई, तुम्ही बोला. तुम्ही बोलत नाई तर घर खायले उठते मले. अभ्यास कशाचा होते?”

मग संध्याकाळपर्यंत त्या बोलत राहिल्या. शेजारणीची वासरी, बोर अभयारण्याच्या जंगलातून शेतात शिरलेली रानडुकरं, वेचायला न आलेल्या बाया, इस्टँडवर भेटलेली त्यांची मावसबहीण. सगळं साचलेलं होतं. मी ऐकत ऐकत भाजी निवडली. पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

निकालात माझं नाव आलं. घरी येऊन सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी आधी माझ्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं.

“आता तुले इस्टुलावर नाई बसा लागत,” त्या म्हणाल्या. “खुर्ची भेटन.”

या कामात बसण्यापेक्षा गावोगाव फिरणंच जास्त असतं, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.